साडेसहाचा झरा

पुतण्या नगरसेवक झाला आणि माझ्याशी बोलताना घड्याळ बघायला लागला. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, तो मलाच म्हणतो, "काकू, अर्ज द्या." दिला. गल्लीच्या भिंतीखालून पाणी येतंय, गळती आहे, दुरुस्त करा. तिसरीच शिकलेय, पण 'गळती' नीट लिहिता येतं मला.

पंधरा दिवसांनी तिथं मांडव पडला. जटावाले बाबा बसले. फलक लागला : 'आरोग्यझरा. सौजन्य : आपले नगरसेवक'. माणसं बाटल्या, डबे घेऊन रांगेत. बाबा किंचाळायचे, "ये गं माये!" आणि सकाळी बरोबर साडेसहाला पाणी खळाळायचं. आठला बंद. "माय दमली," बाबा म्हणायचे.

सुनेनं नातीला रोज तेच पाजलं, ताकद येईल म्हणून. महिन्याभरात पोरगी पिवळीधमक. "कावीळ आहे. पाणी कुठलं पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सलाईन लावलेला तो एवढासा हात बघितला आणि ठरवलं, पुतण्याची जिरवायची.

साडेसहा ते आठ. आमच्या नळाची वेळ तीच! गुरुवारी नळ कोरडा, तर गुरुवारी मायचं मौन. देवाला नगरपालिकेचं वेळापत्रक कशाला लागतंय?

पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठलं. "मावशी, नोकरी जाईल माझी!"

"दहा मिनिटं उशिरानं कुणाची नोकरी गेलीय? चावी गल्लीच्या तोंडाशीच, तिथनं मी दिसते. मी हात वर केला की सोड, खाली केला की बंद."

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले. पुतण्याही मांडवात हजर. बाबा किंचाळले. भिंत कोरडी.

"जोरात हाक मारा, बाबा. माय बहिरी झाली वाटतं."

"इथं कुणीतरी अपवित्र आहे!"

"मीच की!" म्हणत मी हात वर केला. पाणी आलं. खाली केला. थांबलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. रांगेत हशा पिकला. रांगेतल्या दोघांनी भिंतीखाली पहार घातली. हातभर खाली फुटका पाइप आणि त्याला चिकटून गटार. बाटल्या तिथंच ओतल्या गेल्या.

"बायांनो, पाणी कुठून येतं ते आधी बघा, हात मग जोडा," मी म्हणाले.

बाबा सटकले. पुतण्याला मी मनगटाला धरलं.

"काकू, घरी बोलू."

"इथंच! पाइप जोडून घेणं, पाणी तपासून घेणं, सभेत आमच्यासाठी भांडणं, हे तुझं काम. तू मांडव घातलास. ज्या ज्या दारात तुझ्यासाठी मत मागितलं, त्या प्रत्येक दारात आता नातीला घेऊन जाणार आहे. सांगणार आहे, हिला गटार पाजणारा हाच."