नाकाच्या उंचीवर

“रेषा खाली बसतच नाहीये, बाई. चकती बदला,” काचेपलीकडून तरुण इंजिनिअर स्पीकरवर म्हणाला.

“चकतीला काही झालेलं नाही,” बाई आतून म्हणाल्या.

चकती त्यांचीच होती. नखाएवढ्या तुकड्यावर त्यांनी झिंक ऑक्साइडच्या काड्या वाढवल्या होत्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या बारीक. डोळ्यांना नुसती पांढरी साय दिसे. अमोनिया लागला की तिच्यातून वाहणारी वीज बदलायची आणि पडद्यावरची रेषा चढायची. पण आधी स्वच्छ हवेत ती आडवी व्हायला हवी. आज जमलं नाही तर हे काम बंद, असं वरून कळलं होतं.

“भट्टीत जास्त भाजली असेल.”

“अरे, मी भाज्या करपवते, चकत्या नाही.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. हिवाळ्यातल्या तापानंतर त्यांना वास येणं बंद झालं होतं आणि भाज्या त्यामुळेच करपत होत्या. हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.

“सांगून टाक एकदाचं,” तो म्हणायचा.

“आणि घरी बसून तुझं तोंड बघू?”

वास न येणाऱ्याने या वायूच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम होता.

“दुसरी लावून तर बघा,” स्पीकर पुन्हा बोलला.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. दुसरी लावली तर तीही अशीच वागेल, आणि दोन्ही बिघडलेल्या ठरतील.

“नको. रेषा वर आहे म्हणजे खोलीत अमोनिया आहे. तू आत ये आणि वास घे.”

तो आत आला आणि दारातच थबकला. मग वाकून त्याने टेबलाखालची अमोनियाची बाटली बाहेर काढली.

“बूच सैल आहे, बाई. इतका वास येतोय. तुम्हाला कसा नाही आला?”

“येत नाही. हिवाळ्यापासून.”

त्याने बूच घट्ट केलं, पंखा लावला. दोघं पडद्याकडे बघत राहिले. रेषा हळूहळू उतरली आणि आडवी झाली.

“चकती बरोबर आहे, असं वर कळव,” बाई म्हणाल्या. “माझंही कळव.”

संध्याकाळी त्यांनी खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली. त्याआधी एकच काम उरलं होतं: गळती हुंगायला चकती खोलीच्या भिंतीवर बसवायची.

“किती उंचीवर लावायची?” त्याने विचारलं.

बाई भिंतीजवळ ताठ उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या नाकासमोर पेन्सिलने खूण केली.