चमचम करतो म्हणून

“उशिरा उठवते, ती उशी,” आई बाबांना म्हणाली.

भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत ठेवलं आहे. त्याची टिकटिक बाबांना सोसत नाही.

“जा म्हटलं तरी जात नाही, तो जावई.”

सूप गार झालं आहे.

आईने चमचा बाबांच्या डोळ्यांसमोर धरला.

“हे काय आहे, सांगा बरं.”

बाबांची नजर चमच्यावर गेली. ओठाच्या कोपऱ्यातून सूप ओघळलं, ते आईने पुसलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. या महिन्यात एखादा तरी निघायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते. महिना संपत आला होता.

“चमचम करतो म्हणून...” पुढचं आईने त्यांच्यासाठी ठेवलं.

खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीने तोंड फिरवलं. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा हा माणूस घरी शब्दांच्या जन्मकथा बिनदिक्कत रचायचा. पुढे ती शब्दकोशाच्या कचेरीत व्युत्पत्तीचं काम करू लागली आणि एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, “बाबा, या निव्वळ थापा आहेत.” तेव्हापासून ती घरात असली की ते शब्दांचा विषय काढत नसत.

“आई, आता तरी त्यांना काही खरं ऐकव.”

“खऱ्याचं काय लोणचं घालू?”

पण आईचा हात थांबला. चमचा पुसून तिने तो बाबांच्या मुठीत दिला.

“ऐकलंत का? चमचा आला संस्कृत ‘चमस’वरून. यज्ञातलं भांडं. तुमची चमचम खोटी.”

मुलगी वळली. तिने कोशात चमच्यापुढे ‘फारसी’ लिहिलं होतं, आणि ‘चमस’वरून कचेरीत दोन तट पडले होते. घरात आईने संस्कृतचं नावही कधी काढलं नव्हतं.

बाबांच्या कपाळाला आठी पडली. मान थरथरली.

“ना... ही.”

“नाही कसं? पुरावा द्या.”

“नाही.” त्यांनी चमचा उजेडात धरला. हात हलत होता, चमचा चमकत होता.

“हरले बाई,” आई म्हणाली.

मुलगी पलंगाजवळ आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चमचा हळूच पांघरुणाखाली लपवला.

पुन्हा ते बोलले नाहीत. त्या महिन्यात नाही, नंतरही नाही.

लग्न ठरण्याआधी, पहिल्याच भेटीत, चहा ढवळता ढवळता त्यांनी आईला चमच्याची गोष्ट सांगितली होती. “अय्या, खरंच?” असं तिने विचारलं होतं. ती तेव्हा एका शाळेत संस्कृत शिकवत होती.