चौथ्या वाटीचं खोटं

मी चार वाट्यांची थाळी बोलतेय. जेवणाची नव्हे हो, गोठ्यातली! गाईच्या चार सडांचं दूध माझ्या चार वाट्यांत पिळायचं, वर औषध ओतायचं आणि दांडा धरून मला गोल हलवायचं. दूध पातळ राहिलं तर कास निरोगी, शेंबडासारखं घट्ट झालं तर कासदाह. मला खोटं बोलताच येत नाही, असा माझा तोरा होता. काल तो पार उतरला.

मला वापरायची धारा काढणारी मावशी. तोंडाने फटकळ, पण बुटकी नावाच्या गाईत तिचा जीव अडकलेला. बुटकीची चौथी वाटी दर खेपेला घट्ट व्हायची आणि दुखणाईत गाय विकायची, हा मालकांचा नियम. म्हणून मावशी चौथ्या वाटीत शेजारच्या चांगल्या सडाचं दूध पिळायची. खराब दूध गुपचूप ओतून द्यायची. मलाही वाटलं, एका वाटीने कुणाचं काय बिघडतंय?

मग पैदाशीसाठी वळू निवडायला डॉक्टरीणबाई आल्या. गोठ्याच्या वहीत बुटकीची पाच वेतं, दुधाची प्रत अव्वल, कासदाह एकदाही नाही. हा गुण आईकडून पुढे उतरतो, असं म्हणत त्यांनी तिचाच गोऱ्हा निवडला. मावशी त्याची पाठ खाजवत राहिली.

वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्या वळूच्या अकरा लेकी पहिल्यांदा व्याल्या. काल डॉक्टरीणबाई स्वतः शेजारी उकिडव्या बसल्या आणि मावशीने मला एकेकीखाली धरलं. पहिलीचं दूध घट्ट. दुसरीचं घट्ट. अगं बाई, तिसरीचंही! अकरातल्या नऊ कासदाहाच्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी बुटकीची जुनी वही उघडली. एवढ्या निरोगी आजीच्या नाती अशा कशा, हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

मी मावशीच्या हातून निसटले. माझ्या दांड्याला तडा गेला.

"बाई, ती चौथी वाटी बुटकीची नव्हतीच," मावशी म्हणाली. "माझी गाय जाईल म्हणून मीच खोटी भरत होते."

मग मावशीने विचारलं, या नऊजणींचं काय? विकायच्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नियम तोच होता.

आज सकाळी मावशीने म्हाताऱ्या बुटकीचं चौथ्या सडाचं दूध चौथ्या वाटीतच पिळलं, सगळ्यांदेखत. आता मी तडकलेली खुंटीला लटकतेय. पण त्या वळूचं बीज चाळीस गोठ्यांत गेलंय. तुमच्याकडे त्याची लेक असेल, तर हात जोडते, आधी तिची चौथी वाटी बघा.