माझी साक्ष मीच देणार

मी कुबडी बोलतेय. हळहळू नका, मला ते खपत नाही. माझं रबरी बूड झिजलंय, दांड्याला तडा गेलाय, तरी मी कामावर आहे.

माझी मालकीण कपडे शिवते. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय लुळा पडला. उजव्या पायानं ती मशीन असं पळवते की बघत राहावं. काखेत रुतू नये म्हणून तिनं कापडाच्या चिंध्या गुंडाळून माझी गादी केली, त्यामुळे मी जरा रंगीबेरंगीच दिसते. काम आटोपलं की आम्ही आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांकडे जायचो. ती त्यांचं ऐकायची, प्रार्थना करायची. तिचा जीव त्यातच होता.

मग प्रार्थनाघरात, प्रार्थनेनं आजार बरे करायची, आरोग्यसभा भरली. पाहुणे प्रचारक आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "ऊठ, चाल!" म्हणून गरजले, मला तिच्या काखेतून ओढलं आणि वेदीशेजारच्या खिळ्यावर टांगलं. "ही बघा साक्ष!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अहो, आधी बाईला चालू तरी द्या! दुसऱ्याच पावलाला ती तोंडघशी पडली. ओठ फुटला.

"भगिनी, विश्वास कमी पडला," प्रचारक म्हणाले. म्हणजे चूक तिचीच!

वर आमच्या चर्चचे पाळक तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आजाऱ्यांकडे आता जाऊ नका. लोक म्हणतील, हिचीच प्रार्थना ऐकली गेली नाही, तर आमचं काय?" भावजयीनं तिला धरून घरी नेलं. मी तिथेच लटकत राहिले. माझा नुसता तिळपापड झाला.

रविवारी ती भावजयीच्या खांद्यावर भार टाकून आली. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, म्हणजे साक्षीची, वेळ होताच थेट पुढे गेली, मला खाली काढलं, काखेत घेतलं आणि मंडळीकडे वळली.

"माझी साक्ष मीच देणार. मी बरी झालेली नाही. पायासाठी प्रभूपुढे रडले, त्याच्याशी भांडले. तो पाय बरा का करत नाही, मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. पण प्रभू थडग्यातून उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच ना? त्याचा विश्वास कमी पडला होता का?"

"ताई, बसा आता," पाळक पुटपुटले.

"नाही बसत!"

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक ट्रकवाला उठला. "ताई, माझ्या बायकोचा पाय कापलाय. भिंतीकडे तोंड करून पडलीय. धडधाकट माणूस प्रार्थनेला आलं की हाकलून देते. तुम्ही याल?"

पाळकांकडे न बघता आम्ही निघालो.

ट्रकवाल्याच्या घरी त्याची बायको खाटेवरून खेकसली, "तुम्हीपण ऊठ-चाल सांगायला आलात?"

"नाही गं. तुला रडायचं असेल तर रड. मी बसते."

ती खूप वेळ रडली. मग वळून माझ्याकडे बघत राहिली. "काखेत दुखतं का हो?"

"सुरुवातीला जीव जातो. मग घट्टा पडतो."

"द्या बघू."

नवऱ्याचा हात धरून, माझ्यावर भार टाकून, ती उठली. डळमळली, पण उभी राहिली. माझी मालकीण खाटेचा कठडा धरून एका पायावर उभी होती, हसत होती, रडत होती.

"प्रभू," ती मोठ्यानं म्हणाली, "पायावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही हं. पण आजच्यापुरतं, आमेन!"