एकसुती पटाशी

“डेरिक, तो ट्रे खाली ठेव.”

“ठेवतोय की. कुठे ठेवू ते तरी सांग.”

“आधी ठेव.”

डेरिकने ट्रे ओट्यावर ठेवला. आल्याच्या केकचा तो ट्रे नुकताच ओव्हनमधून निघाला होता आणि फडकं अजून मॉरीनच्याच हातात होतं. तिने नवऱ्याचे हात उलटे करून पाहिले. बोटांची टोकं लालभडक झाली होती. डेरिक त्यांच्याकडे शेजाऱ्याची बोटं असावीत तसा पाहत होता.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“तीस वर्षं कारखान्यात चमचे घासून चमकवलेत मी. भाजल्या बोटांचं मला शिकवू नकोस.”

“हिवाळ्यापासून,” डेरिक म्हणाला. “चटकाच कळत नाही. रक्तातल्या साखरेमुळे होतं म्हणे असं. केक कापतेस ना?”

“तुला? विसर.”

शेफील्डच्या चढावरच्या त्यांच्या घरामागे डेरिकची शेड होती. जुन्या बाजारातून तो लाकूड कोरायच्या अरुंद पटाश्या वेचून आणायचा आणि त्यांना नवा घाट द्यायचा. शंभर वर्षांपूर्वीचं पोलाद उत्तम, पण त्या पटाश्यांच्या बाजू जाड आणि सरळ उभ्या. कपाटाच्या खणाच्या फळ्या कबुतराच्या शेपटीच्या आकाराने एकमेकींत गुंतवायच्या तर खाचेचे कोपरे तिरके आणि चिंचोळे होतात. तिथे जाड पटाशी शिरत नाही, शिरलीच तर कडेचं लाकूड चेपते. म्हणून डेरिक तिच्या दोन्ही बाजू सहाणेच्या फिरत्या चाकावर उतरत्या करायचा, इतक्या की पाठीलगत जेमतेम नखाएवढी जाडी उरावी.

अडचण होती ती उष्णतेची. अरुंद पात्यात ती पसरायला जागाच नसते. क्षणात पोलाद पिवळं पडतं, मग तपकिरी, मग निळं. निळं झालं की त्याचं पाणी उतरलं, धार टिकत नाही. म्हणून डेरिक पात्याच्या पाठीवर उघडं बोट दाबून धरायचा. चटका बसला की पातं पाण्यात. बोट साठ अंशांच्या आतच तक्रार करतं, पोलाद दोनशेच्या पुढे. मधल्या दीडशे अंशांत डेरिकचा चाळीस वर्षांचा धंदा सुखाने चालला होता.

गुरुवारी मॉरीन चहा घेऊन शेडमध्ये गेली, तेव्हा चाक बंद होतं. डेरिकसमोर एकच पटाशी होती, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग रुंद. मुठीवर तापल्या लोखंडाने नाव डागलेलं. ती ब्रिजेटच्या आजोबांची. ब्रिजेट कपाटं करायची, तिचे खण बघायला लोक दुरून यायचे. तिला पटाशी शुक्रवारी हवी होती, आणि डेरिकशिवाय ती कुणाच्या हाती देणार नव्हती.

कोपऱ्यातल्या डब्यात मॉरीनला दोन पाती दिसली. दोन्ही मोरपिसासारखी निळी.

“ही काय?”

“सराव.”

“एकाहत्तराव्या वर्षी?”

“आकडे मोजून पाहिले. तीनपर्यंत मोजायचं आणि बुडवायचं. पण दर वेळी दाब वेगळा, पोलाद वेगळं. आकड्यांना चटका बसत नाही.” त्याने चहा घेतला. “ब्रिजेटला फोन करून सांगतो, जमणार नाही. मग चाकही विकून टाकू. इथे तुझी सायकल राहील.”

तो हे पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलला. मॉरीनने बाह्या वर केल्या.

“सरक.”

“कुठे?”

“डावीकडे. बोट कुठे ठेवायचं ते दाखव.”

“मॉरीन, भाजेल.”

“मी दिवसाला चारशे चमचे करायचे तेव्हा तू कुठे होतास?”

“कारखान्याच्या दारात. तुझी वाट बघत.”

“मग आत काय चालायचं ते तुला काय माहीत? चाक लाव.”

डेरिकने मूठ धरली, कोन धरला. मॉरीनने पात्याच्या पाठीवर बोट टेकवलं. ठिणग्या उडाल्या.

“थांब.”

पातं पाण्यात. पुन्हा चाक.

“थांब.”

“एवढ्यात? काही तापलं नव्हतं.”

“तुला काय कळतंय?”

आधी डेरिक हसला, मग ती, आणि पटाशी हलायला लागली म्हणून चाक बंद करावं लागलं. मॉरीनने डोळे पुसले आणि त्याला दम दिला, “नीट धर. आजोबा बघतायत तिचे.”

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू उतरल्या. पातं शेवटपर्यंत राखाडीच राहिलं.

शुक्रवारी ब्रिजेट अर्धवट कोरलेली फळी बरोबर घेऊनच आली. तिने पटाशी खाचेच्या कोपऱ्यात घातली, हळूच दाबली. केसासारखी बारीक ढलपी वर आली. तिने फळी उजेडात फिरवून बघितली.

“कुठेच दबलं नाही. डेरिक, तुमचा हात अजून तसाच आहे.”

“हात आहे गं पोरी,” डेरिक म्हणाला. “बोटं उसनी आणलीत.”

मॉरीन केक कापत होती. मोठा तुकडा तिने ब्रिजेटला दिला आणि नखाएवढा डेरिकला.

शनिवारी सकाळी बटाटे सोलायला बसावं म्हटलं तर स्वयंपाकघरातलं स्टूल जागेवर नव्हतं. पातेलं घेऊन मॉरीन शेडमध्ये गेली. स्टूल चाकापाशी होतं, डेरिकच्या स्टुलाला खेटून. खाली भुसा पडला होता आणि लाकडाचे चार ठोकळे.

“माझं स्टूल कापलंस?”

“दोनच इंच.”

“मग बटाटे कुठे बसून सोलू?”

डेरिक डब्यातून एक गंजकी पटाशी काढून ती फडक्याने पुसत बसला.

मॉरीनने पातेलं खाली ठेवलं आणि बसून पाहिलं. कोपर नेमकं चाकाच्या उंचीला येत होतं. तिने ॲप्रनला हात पुसले आणि बोट पुढे केलं.