मानेवरची तिरकी रेघ

आमचे हे न्हावी. हात अगदी हलका, पण लहानपणी मनगट मोडलेलं, त्यामुळे मानेवर वस्तरा फिरवला की शेवटची रेघ डावीकडे जराशी खाली उतरते. गिऱ्हाइकाला स्वतःची मान दिसत नाही, म्हणून पंचवीस वर्षं धंदा सुखाने चालला.

साथ आली आणि दुकानं बंद करायचा हुकूम निघाला. यांचं काम सुटलं आणि माझं लागलं. आरोग्य खात्याने प्रत्येक गल्लीत एक बाई नेमली, आमच्या गल्लीत मी. रोज सकाळी हातात ताप मोजायचं यंत्र घेऊन दारोदार तीच रेकॉर्ड लावायची: तोंड झाका, कोणाच्या घरी जाऊ नका. मी मुळात फटकळ. मला पाहिलं की लोक मास्क नाकावर ओढायचे आणि मी वळले की हनुवटीवर. कळत होतं हो मला, पण कोणाकोणाशी भांडणार?

माझा सगळा जीव सासूबाईंत अडकला होता. गेल्या थंडीत त्या अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. पुन्हा छातीत काही झालं तर आमच्या हाती काही नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण सासूबाई भारी मानी. गल्लीत सांगितलं, लेकीकडे राहायला गेले होते. वर मला दम, ‘कोणाला बोललीस तर याद राख.’

दोन महिन्यांनी आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. मैदानात गल्लीतल्या पुरुषांना लांब लांब उभं करून त्यांनी भाषण दिलं. सगळ्यांनी नाकापर्यंत मास्क लावून गुणी मुलांसारख्या माना डोलावल्या.

“फार शिस्तीची गल्ली आहे हो तुमची,” बाई मला म्हणाल्या. मी आपली फुगले. मग त्या पुरुषांना म्हणाल्या, “चला, आता वळा आणि एकेक करून घरी जा.”

सगळे वळले. तेरा माणसं, तेरा माना, आणि तेराही मानांवर ताजी, गुळगुळीत, डावीकडे उतरलेली रेघ.

“काय झालं? चेहरा का उतरला?” बाईंनी विचारलं.

“ऊन लागलं,” म्हटलं आणि सुटले ती थेट घराच्या मागच्या दाराने आत. अंगणात हे कात्री घेऊन उभे, समोर स्टुलावर गळ्याला चादर गुंडाळलेला बेकरीवाला. मला बघताच तो चादरीसकट भिंतीवरून पलीकडे गेला. डोक्याची डावी बाजू कापलेली, उजवी तशीच. दाराशी सासूबाई, मास्क गळ्यात, पायाशी पालथी बादली आणि हातात काठी.

“ही बादली कशाला?”

“तू दिसलीस की वाजवायला,” सासूबाई म्हणाल्या. “आज मेला डोळा लागला.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “अहो, ही तुमची आई आहे ना? की गिऱ्हाइकं जास्त झाली?”

हे खाली बघत हळूच म्हणाले, “पहिल्यांदा पोस्टमनकाका आले. मी नाहीच म्हणालो. तर म्हणाले, केस राहू दे, नुसता डोक्यावरून हात फिरव. तुझी काकू गेल्यापासून महिन्यातून एकदा तुझ्या दुकानातल्या खुर्चीतच काय ते कोणीतरी मला हात लावतं. आता मी काय करायचं होतं, सांग. बसवलं आणि केसही कापले. मग दुसऱ्याने विचारलं, त्यांचे कापलेस, माझे का नाही?”

“आणि मी काय भिंतीकडे बघत बसू?” सासूबाई फणकारल्या. “माणसं यायची, चार शब्द बोलायची. बरं वाटायचं मला.”

रागही येत होता आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला ताप भरला, तपासणीत साथीचाच निघाला. आमच्या घराला चौदा दिवस कुलूप. सासूबाई आतल्या खोलीत, हे माडीवर, मी स्वयंपाकघरात. माझ्या जागी कोण नियम सांगणार? शेवटी मी गच्चीवर गेले आणि तोंडावरचं फडकं न काढता बोंबलले, “ऐका सगळे! आमच्या आई लेकीकडे नव्हत्या गेल्या. ऑक्सिजनवर होत्या. आता परत धाप लागली तर त्या जातील, आणि मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही. स्वतःलाही नाही!”

समोरून पोस्टमनकाकांचा आवाज आला, “अगं, मग आधी का नाही सांगितलंस? आम्हाला वाटलं, नियम म्हणजे सरकारचं काहीतरी असतं.”

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण गल्ली बदलली. दारात भाजी, दूध, औषधं ठेवून लोक लांब व्हायचे आणि तिथूनच ओरडायचे, “आजी, कशा आहात?” तिसऱ्या दिवशी आतून बादली वाजली, ठण ठण ठण. मग रोज सकाळी वाजायला लागली. नवव्या दिवशी वाजली नाही. सगळी गल्ली दारात उभी. मी दाराला कान लावला, तर आत घोरणं चाललेलं.

चौदा दिवस सरले, सासूबाई ठणठणीत. बेकरीवालाही बरा झाला, पण अर्ध्याच डोक्याचा. पुढे दोन महिने त्याने टोपी घालून पाव विकले, पण एकदाही मागच्या दाराशी आला नाही. कोणीच आलं नाही. तेराही रेघा केसांखाली बुडाल्या. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा मला हळूच विचारतात, “तुमच्या गल्लीत न्हावी नाही का हो?”

दुकान उघडलं त्या सकाळी फुटपाथवर लांब रांग, एकेकाच्या मधे दोन हात अंतर. केस कापून घ्यायला बेकरीवाल्याचा जीव चालला होता, तरी तो म्हणाला, “आधी काका.” काका खुर्चीत बसले. यांनी केस कापले, रेघ मारली, नेहमीसारखी तिरकी. चादर झटकली. पण काका उठेनात. हे मास्क नीट करून काकांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. काकांनी डोळे मिटले होते.

बाहेर बारा-तेरा माणसं उन्हात ताटकळत होती. मी दाराशी यंत्र घेऊन उभी होते, कोणी कुरकुर केली तर झापायचं म्हणून. कोणीच केली नाही.