दोन गुंठे नाणी

भिमाजीच्या दोन गुंठ्यांत नाण्यांचं पीक आलं होतं आणि ते बघायला अख्खं चिंचमाळ बांधावर उभं होतं. सुप्याहून आत येणाऱ्या रस्त्यावर टेम्पो आणि मोटारसायकलींची रांग लागली होती. वाफ्यांना ठिबक, कडेनं शेडनेट आणि मधोमध बुजगावणं. नाणी खायला कुठलं पाखरू येणार आहे, असं मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. त्यांना माझी कीव आली असावी. "मोर," ते म्हणाले आणि पुन्हा वाफ्याकडे बघू लागले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बियाणेमहाराज बसले होते. डोक्याला भगवं फडकं, अंगात कुठल्याशा खत कंपनीचा टी-शर्ट, हातात माईक. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं पुराण आणि अर्धा कृषी मेळावा.

"कांद्याचं बी टाकलं तर काय येतं?"

"कांदा," गर्दी म्हणाली.

"बाजरी पेरली तर?"

"बाजरी."

"मग सोनं पेरल्यावर काय बटाटे येतील का?"

बटाटे येणार नाहीत, हे सगळ्यांनाच पटलं आणि पुढचं आपोआप पटत गेलं.

मग शिष्यानं खुरपं घेऊन नमुना दाखवला. पहिल्या वाफ्यातून निघाली एक कोरी पांढरी चकती. महाराज म्हणाले, हे कोवळं आहे. दुसऱ्या वाफ्यातल्या चकतीला उचललेली कड होती, म्हणजे पिकानं अंग धरलं. तिसरीवर लक्ष्मीची पुसट आकृती होती. महाराजांनी ती बोटात फिरवून पाहिली आणि दाणा भरतोय, अजून एक पाणी लागेल, असा निर्वाळा दिला. चौथ्या वाफ्यातून मात्र लखलखीत नाणं निघालं. कमळावर लक्ष्मी, दोन बाजूंना दोन हत्ती. बायकांनी हात जोडले आणि पुरुषांनी मोबाईल वर केले.

गेल्या महिन्याभरात गाव कुठल्या कुठे गेलं होतं. खताच्या दुकानात 'नाणेवर्धक' नावाची बाटली मिळू लागली होती. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये कांदा आहे, तूर आहे, पण नाणी नाहीत, म्हणून चौघेजण तलाठी भाऊसाहेबांशी भांडून आले होते. गारपीट झाली तर विमा मिळेल का, याची चौकशी झाली होती. आणि भिमाजीच्या पिकाची मुळं बांधाखालून आपल्याकडे आली आहेत, तेव्हा निम्मी नाणी आपली, असा शेजाऱ्यानं दावा लावला होता. नाण्याला मुळं असतात का, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण नाणी करणं हा माझा धंदा आहे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत सोन्याचांदीची नाणी पाडणारं एक छोटं युनिट आहे, तिथं मी नाण्यांवरची चित्रं काढते आणि त्यांचे साचे करून घेते. रविवारी चर्चला जाते आणि उरलेले सहा दिवस लक्ष्म्या काढते. दिवाळीच्या आधी तर मला स्वप्नातही हत्ती दिसतात.

शिवाय त्या दिवशी सोन्याची पेरणी होती, म्हणजे घरातलं सोनं मडक्यात घालून वाफ्यात पुरायचं होतं, आणि रांगेत बनुमावशी उभ्या होत्या.

बनुबाई आमच्या शेजारच्या. माझे आईवडील दोघंही शाळेत शिकवायचे, त्यामुळे मी वाढले ती त्यांच्याच ओसरीवर. त्यांच्या नातीला, दिशाला, नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी मावशींनी आपल्या आईची बोरमाळ मोडायचं ठरवलं होतं. आता बेत बदलला होता. मोडण्यापेक्षा पेरायची, म्हणजे फीही निघेल आणि माळही राहील. दिशानं सकाळी मला फोन केला तेव्हा ती रडत होती. माळ एकदा मातीत गेली की तिचं शिक्षणही मातीत जाणार होतं.

मी मावशींना गाठून सांगितलं की, नाणी उगवत नाहीत, ती आम्ही पाडतो.

"तुझी लक्ष्मी कारखान्यातली," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "ही मातीतून आली. फरक हाय का न्हाई?"

मावशींच्या मुठीत आधीच्या पिकातलं प्रसादाचं नाणं होतं. मी ते मागून घेतलं आणि चमकले. चित्र माझंच होतं. गेल्या वर्षी काढलेलं, अगदी पदराच्या चुण्यांसकट. पण काहीतरी बिनसलं होतं. लक्ष्मी डाव्या हातानं आशीर्वाद देत होती. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. आणखी निरखून पाहिलं आणि मला हसू आवरेना.

मी ट्रॉलीपाशी जाऊन महाराजांना डाव्या हाताबद्दल विचारलं. ते मुरलेले होते. ही दुर्मीळ वाममुखी लक्ष्मी आहे, दोन्ही हातांनी देणारी, म्हणून आधी डावा उचलते, असं ते म्हणाले. आणि पदर? ही लक्ष्मी मूळ गुजरातची, तिकडे पदर असाच घेतात, म्हणून तर तिच्याकडे जास्त पैसा. यावर गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

भिमाजी मात्र माझ्यावर खवळला. "एस्तेर, तू किरिस्ताव. तुला लक्ष्मीतलं काय कळतंय?"

हे मला लागलं. उत्तर ओठांवर आलं होतं, पण त्याआधी मावशी बोलल्या. "भिमाजी, तुझ्या देव्हाऱ्यातला चांदीचा शिक्का हिनंच काढलेला हाय. बोलू दे तिला."

मग मी महाराजांचा नाद सोडला आणि बायकांकडे वळले. मावशींच्या हातावर नाणं ठेवून विचारलं, "मावशी, तुमची नथ कुठल्या नाकपुडीत असते?"

त्यांचा हात नाकाकडे गेला. "डाव्या."

"आणि हिची?"

मावशींनी नाणं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, शेजारणीला दाखवलं. रांगेतल्या बायका एकमेकींची नाकं बघू लागल्या. लक्ष्मीची नथ उजव्या नाकपुडीत होती.

"गुजरातेत अशी नथ नसती," मागून रंगुबाई म्हणाली. तिची लेक सुरतेला दिलेली. "मी बघितलंय."

महाप्रसादाच्या पुऱ्यांसाठी कणीक तिंबून ठेवली होती. मी दोन गोळे मागून घेतले. पर्समधून आमच्या कारखान्यातलं नाणं काढलं, त्याच चित्राचं, आणि पहिल्या गोळ्यावर दाबलं. दुसऱ्यावर महाराजांचं दाबलं. दोन्ही उचलली आणि गोळे बायकांपुढे धरले.

माझं नाणं सरळ होतं, डाव्या नाकपुडीत नथ असलेलं. पण कणकेत लक्ष्मीची नथ उजव्या नाकपुडीत गेली होती. महाराजांचं नाणं उलटं होतं आणि त्याच्या कणकेत नथ बरोबर डाव्या नाकपुडीत आली होती.

"ही कणीक म्हणजे साचा समजा," मी म्हणाले. "पोलादी साचा असतो, तो चकतीवर जोरात दाबला की चित्र उमटतं आणि उमटताना उलटं होतं. म्हणून साचा आधीच उलटा कापायचा असतो, तर नाणं सुलट येतं. नवशिके हमखास चुकतात. यांच्या कारागिरानं माझं नाणं समोर ठेवलं आणि जसं दिसतं तसंच साच्यात कापलं. त्यामुळे देवीची नथ, पदर आणि हात, सगळं बाजू बदलून आलं. मातीतनं उगवली असती, तर ती नथ कुठं घालायची हे विसरली नसती."

आता मी वाफ्यांकडे वळले. धातूची पट्टी लाटून चकत्या कापतात, ते महाराजांचं कोवळं पीक. मग चकतीची कड उचलतात, ते अंग धरणं. प्रेसचा दाब कमी पडला तर चित्र पुसट येतं, तो भरत आलेला दाणा. पूर्ण दाब दिला की पिकलं. महाराजांनी साऱ्या टाकसाळीचा माल ओळीनं पुरला होता. शिष्य रोज संध्याकाळी ठिबक तपासायला वाफ्यात उतरायचा तो त्यासाठीच. चांदी तरी खरी आहे का, ते पाहायला मी नाण्याची कड खुरप्यावर घासली. आतून पिवळं पितळ दिसलं.

महाराज माईकवरून श्रद्धेबद्दल बोलू लागले. मला बोलायचं होतं, पण मावशींनी शिष्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि त्या थेट शेवटच्या वाफ्याकडे निघाल्या. गेल्या पंधरवड्यात बायकांनी जोडवी आणि पैंजणं घालून मडकी पुरली होती, ती तिथं होती. कच्चं पीक उकरलं तर सात पिढ्यांना दोष लागतो, असं महाराज ओरडले.

"कांदा बी आमी मधीच उकरून बघतो," मावशी म्हणाल्या. "त्याबिगर पोसला का न्हाई, ते कसं कळायचं?"

उभ्या गावानं जन्मभर हेच केलं होतं. मडकं निघालं. आत लोखंडी वॉशर होते, सुप्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात तसले. दुसऱ्या मडक्यातही तेच. भिमाजी उरलेली मडकी स्वतःच उकरू लागला. त्याच्या बायकोची पैंजणं त्यातच गेली होती.

कुणीतरी फोन केला होता, पोलीस आले तेव्हा महाराज शेडनेटमध्ये अडकले होते आणि शिष्य बुजगावण्याचा सदरा चढवून निसटायच्या बेतात होता. त्याच्या पिशवीत निम्मे दागिने सापडले. बाकीचे वितळवून विकले होते, ते गेले ते गेलेच.

पुढच्या आठवड्यात मावशी, दिशा आणि मी नगरला सराफाकडे गेलो. वाटेत मावशींनी मला हळूच विचारलं, "आमी समद्या येड्या व्हतो का गं?" मी नाही म्हणाले आणि ते खरं होतं. त्या हुशार आहेत. महाराजांनी फक्त एवढंच केलं होतं की, प्रश्न विचारायची त्यांना लाज वाटावी.

दुकानात मावशींनी आधी रिकामा काटा दाखवायला लावला. मग कसोटीचा दगड बघितला, त्यावर काय टाकलं ते विचारलं, घट कशाची धरली ते विचारलं, भाव लिहून मागितला. सराफ घामाघूम झाला. शेवटी तो म्हणाला, "आजी, विश्वास नाही का आमच्यावर?"

"इश्वास हाय म्हनून तर इचारते," मावशी म्हणाल्या. "नसता, तर आलेच नसते."

बोरमाळ मोडली. काट्यावरून ती उचलली गेली तेव्हा मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि मलाही राहवलं नाही. मावशींकडे त्यांच्या आईची तेवढी एकच वस्तू होती. पण ती कुठं गेली आणि तिचं काय झालं, हे त्यांना नीट माहीत होतं. दिशा आता नगरला शिकते आहे.

मी देवाविरुद्ध बोलत नाही, माझाही एक आहे. एवढंच सांगते. मातीत काय येतं आणि काय येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यापलीकडचं कुणी काही दाखवलं तर हात जोडण्याआधी खुरपं मागा. तो देईना झाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.